परमुलखातला गूळ

आईशपथ, अक्षर न् अक्षर खरं हाय. थोडं इकडं-तिकडं सोडलं तर. निजामाची हद्द वलांडून म्या इंग्रजी मुलखातल्या एका आश्रमात दोन वर्सं सेवेला होतो. आमच्या जळकोटाहून अर्ध्या दिवसाची वाट, पर माय गावभर सांगायची, "पोरगं परमुलखात हाय." लई सुखात होतो.

एकदा कोठीतली गुळाची ढेप गायब झाली. आश्रमाचे म्हातारे गुरुजी म्हणाले, "चोर कबूल होईपर्यंत मी जेवणार नाही."

तिसऱ्या दिवशी त्यांचे पाय लटपटायला लागले. म्या घाबरून उठलो, "गुरुजी, मीच खाल्ला."

तेवढ्यात आणखी चौघं उठले, "न्हाय, मीच!"

गुरुजी म्हणाले, "चोर एकच असणार. म्हणजे चौघं खोटं बोलले. आता त्या खोट्यासाठी माझा वेगळा उपास."

नेमकी तवाच माय मला भेटायला आली. सगळं ऐकून तिनं ताकाचा तांब्या गुरुजींपुढं धरला. "गूळ म्या नेला मागल्या खेपेला, म्हस व्याली हुती, तिला चारायला. लेकरांना माफ करा, एवढं ताक घ्या."

गुरुजींनी घेतलं.

बाहेर आल्यावर म्या इचारलं, "माये, खरंच तू नेला?"

"न्हाय रे. पर म्हातारा मेला असता की!"

मग गूळ खाल्ला कुणी म्हणतोस? आधी चहा पाज, लेका. गूळ जास्त टाकायला सांग, मला तसाच आवडतो.