होंडाला जाताना हवा किती होती

…आणि मला सांगा, चार चाकांपैकी कुठल्या चाकात हवा कमी आहे हेसुद्धा ज्याला सांगता येत नाही, त्या दिव्यानं पेटावंच कशाला? तुम्हाला सांगतो, पहाटे पाचला डोंगरावरच्या आमच्या टुन्हा शहरातून निघालो, हाडं गोठवणारी थंडी, किल्ली फिरवली तर समोर पिवळा दिवा. तिकडे खाली नदीकाठी, होंडा गावात, थोरला भाऊ उबाल्दो अंथरुणाला खिळलेला. बापाच्या एका घोडीवरून सहा वर्षं आमचं बोलणं बंद होतं, आणि आदल्या दिवशी त्यानंच फोन केला, "ये रे, बोलायचंय." अशा वेळी माणसानं सरळ निघावं की नाही? पण दिवा पेटलेला.

शेजारी बायको, मारिना. "अहो, हवा बघून घ्या. घाटात टायर फुटला तर दोघं भाऊ एकदमच जाल."

पंपावरच्या मापकात सत्तावीस पौंड. गाडीच्या दारावर लिहिलेलं बत्तीस. भरली बत्तीस. तरी दिवा पेटलेला. म्हणून तासाभरानं चोकोंताला थांबलो, तर तिथला टायरवाला दातात काडी घालून म्हणतो, "साहेब, छत्तीस आहे. मरायचंय का?"

"अहो, आत्ताच बत्तीस भरली."

"पंपावर ना? ते मापक गेल्या ईस्टरला ट्रकखाली आलंय."

काढली चार. पुढे मेहुण्यानं दिलेलं, पेनासारखं माझं स्वतःचं मापक लावलं, तर अठ्ठावीस… आता खोटा कोण? पंप, टायरवाला, की मेहुणा? थोडी भरली, मग भीती वाटून थोडी काढली, पुन्हा पुढच्या पंपावर दाखवली, तिथे तिसराच आकडा. मारिना म्हणाली, "पुरे आता, मोजू नका." मी मोजली. दिवा पेटलेला.

खरं सांगू? मला घाई नव्हती. सहा वर्षांनी भावासमोर उभं राहायचं, काय तोंडानं? त्यापेक्षा रस्त्याकडेला चाकापुढे गुडघे टेकणं सोपं.

ग्वादुआसला टायरचं दुकान चालवणाऱ्या नुबियाबाई भेटल्या. सगळं ऐकलं, हात पुसले. "थंडीत हवा आकसते बाबा, चाक पळालं की तापून फुगते. तुम्ही तापल्या चाकातली हवा काढत सुटलात, मग दिवा विझेल कसा? आणि दोन मापकं कधी एक बोलत नाहीत. एकच धरायचं, सकाळी निघण्याआधी मोजायचं." चाकं निवू दिली, हवा भरली, गाडीतलं एक बटण दाबलं. दिवा गेला.

सरळ आलो असतो तर अकराला पोचलो असतो. पोचलो तीनला. होंडाचा तो उकाडा, घराचं दार सताड उघडं, फुटपाथवर खुर्च्या मांडलेल्या. कळायचं ते कळलं.

ओफेलियावहिनी बाहेर आली. "सव्वा अकराला गेले. सारखे विचारत होते, निघाला का तो."

"काय बोलायचं होतं त्याला?"

"मला नाही सांगितलं. म्हणाले, तो आला की बघू."

मारिना तिला धरून रडली. मी खांबासारखा उभा. मग वहिनीनंच डोळे पुसले, म्हणाली, "बसा, उपाशी असाल."

माशाचा रस्सा होता. आमच्याकडे त्या रश्श्याला 'विधवा' म्हणतात. तुम्हाला सांगतो, तिनं स्वतःच्या हातानं तो माझ्या ताटात वाढला. उबाल्दो असता तर पोट धरून हसला असता… मी काय, बसलो जेवायला.