नुसतं इनोकेंती

इर्कुत्स्कच्या ट्राममध्ये शाळेला निघालेल्या उल्यानाच्या पुढच्याच बाकावर दोन आजीबाई बसल्या होत्या. राइसाच्या मांडीवर फुलं, अग्नियाच्या कपाळावर आठ्या. उल्यानाने पुस्तक मिटलं आणि कान टवकारले.

"चल ना गं चर्चमध्ये, अग्निया. पांढऱ्या सेनेच्या आपल्या सेनापतीची पुण्यतिथी आहे."

"आपल्या नाही, तुझ्या. क्रांतीनंतरच्या यादवीत त्याच्या माणसांनी माझ्या पणजोबांना गोळी घातली. लाल सैन्यात होते म्हणून."

"शंभर वर्षं झाली त्याला."

"झाली ना. पणजोबांसाठी प्रार्थना मात्र अजून कुणी केली नाही."

"ते कुठे देव मानायचे?"

"त्यांची आई मानायची. बाप्तिस्मा करून इनोकेंती नाव ठेवलं होतं तिने."

"इनोकेंती? अगं, सेनापतीही इनोकेंतीच."

"मग काय, मिठी मारू त्याला?"

"मिठी राहू दे. पण पाद्रीबाबा प्रार्थनेत हुद्दा घेत नाहीत, आडनाव घेत नाहीत. म्हणतात, योद्धा इनोकेंती. नुसतं तेवढंच."

"आणि देवाला कळायचं कसं, कुठला ते?"

"ते त्याचं तो बघेल. तू मेणबत्ती लाव."

"तुझा सेनापती चिडेल."

"चिडू दे मेला."

"सरक जरा. उठू दे मला."

"चर्चला अजून दोन स्टॉप आहेत गं."

"असू देत. दाराशी उभी राहते."