दहा टक्क्यांचं मटण

...आणि वर मलाच विचारतात हो, "इशेनकुल, तू कोणत्या बाजूचा?" कोणत्या बाजूचा! डावीकडचे दात एका बाजूवाल्यांनी पाडले, उजवीकडचे दुसऱ्या बाजूवाल्यांनी, आता मी कुठल्या बाजूचा राहणार? अहो, मी फक्त मटण वाटत होतो! मटण! सरकारनं कोणाकडून किती कर घ्यावा हे ठरवायला मला कोणी बोलावलं होतं का?

तुम्हाला सांगतो, नारिन नदीच्या या सगळ्या खोऱ्यात मेजवानी असो नाहीतर मयत, मेंढी कापली की हाक मलाच. का? कारण कोणतं हाड कोणाच्या पुढ्यात जायचं ते माझ्या हाताला पाठ आहे. पुठ्ठ्याचं, म्हणजे कमरेखालचं हाड सगळ्यात मानाचं, ते बुजुर्गाला नाहीतर मोठ्या पाहुण्याला. मांडीचं त्याच्या खालोखालच्याला. मग नडगी, मग खांद्याचा फरा, आणि बरगड्या पोराटोरांना. इथे चूक झाली ना, तर पाहुणा शिव्या देत नाही, काही नाही... नुसता हाडाकडे बघतो, डोक्यावर टोपी चढवतो आणि निघून जातो. पुढे त्याची नातवंडंसुद्धा तुमच्याशी बोलत नाहीत! आणि हाड सोडवायचं ते सांध्यातून, सुरीनं, हळुवार. कुऱ्हाड लावायची नाही. सोयरिकीच्या जेवणात तर नाहीच नाही. तिथे हाड फुटणं म्हणजे... नको, त्यावर येतोच आहे मी, त्यासाठीच तर तोंड सुजलंय.

तर त्या दिवशी माझ्याच पोरीच्या, बुरुलचाच्या कानात डूल घालायचे होते. नवऱ्या मुलाची आई डूल घालते, की लग्न पक्कं. पोरगी आमची गावच्या दवाखान्यात नर्स. मुलगा तिनंच पसंत केलेला, एर्मेक, चांगला आहे हो, गरीब गाय. पण त्याचा बाप कापार! शहरात सिमेंटचं दुकान, मालाचे ट्रक, दोन दात सोन्याचे. त्याला नर्स सून नको होती. दोन वर्षं, दोन वर्षं आम्ही मिनतवाऱ्या केल्या तेव्हा कुठे आला. आला तोही भुवई वर करून. माझी बायको सकाळपासून माझ्या कानाशी, "अहो, आज काही वाकडं होऊ देऊ नका. पोरीनं दोन वर्षं जीव मुठीत धरलाय." मी म्हटलं, वाकडं काय व्हायचंय? मी मटण वाटायला बसतोय, घोड्यावर नाही!

अंगणात नमद्याचा, जाड लोकरीचा तंबू ठोकला. डूल घातले. बुरुलचा अशी लाजली की मला रडू आलं, खोटं का बोलू. मानाच्या जागी कापार व्याही बसले, शेजारी माझा थोरला भाऊ तुर्गुनाली. हा आमचा दादा निवृत्त मास्तर, आता डोंगरावर मेंढ्यांचा हा एवढा कळप. पण मास्तरकी अंगातून गेलेली नाही, दोन माणसं दिसली की त्याचा वर्ग सुरू! आणि रेडिओवर, नशीब बघा, नेमकं तेव्हाच काय लागावं? गाणं? नाही! आयकराची चर्चा! आपला तो सगळ्यांना सारखा दहा टक्क्यांचा दर ठेवायचा, की ज्याची कमाई जास्त त्याला दरही चढता लावायचा.

"दरोडा आहे हा, दरोडा!" व्याही मांडीवर थाप मारून म्हणाले. "माणसानं कष्ट करायचे, चार पोरांना कामाला लावायचं, आणि सरकार म्हणणार, तू फार कमावलंस, आता शंभरातले पंधरा टाक, वीस टाक! दर एकच पाहिजे. सगळे सारखे!"

झालं. दादानं चष्मा काढून पुसला. दादानं चष्मा पुसला की आमच्या घरात लहान मुलांना बाहेर नेतात.

"व्याही," दादा म्हणाला, आवाज मधासारखा, "ज्याला महिन्याला पोटापुरतं मिळतं त्याचे दहा टक्के म्हणजे पोरांच्या तोंडचं दूध. तुमचे दहा टक्के म्हणजे तुमच्या मिशीचा एक केस. हे सारखं?"

"माझे दहा टक्के त्याच्या शंभरपट भरतात, मास्तर! गणित शिकवत होता ना?"

"इतिहास शिकवत होतो. तुमच्यासारख्यांचं काय होतं ते त्यात असतं."

बघा! बघा आता! आणि नेमका मी परात घेऊन आत आलो. मी बिचारा, खाली मान, पुठ्ठ्याचं हाड व्याह्यांपुढे ठेवायला वाकलो, तर दादानं माझं मनगट धरलं! "थांब, इशेनकुल. व्याह्यांना सगळं सारखं हवंय. मग मानाचं हाड कशाला? सगळ्यांना एकेक बरगडी. त्यांनाही बरगडी!"

"मला? बरगडी? पोराटोरांचं हाड मला?" व्याह्यांचा चेहरा बिटासारखा झाला. "अहो, मी टक्क्यांबद्दल बोलतोय, तुकड्यांबद्दल नाही!"

"हाडाला टक्का लावून दाखवा!"

एकाचा हात परातीला या बाजूनं, दुसऱ्याचा त्या बाजूनं, मध्ये मी, आणि तंबूतली सगळी माणसं माझ्याकडे बघतायत, दाराशी बुरुलचा उभी, कानातले डूल थरथरतायत. तुम्हीच सांगा, काय करणार माणूस? मला वाटलं, भांडण हाडावरून आहे ना? मग हाडच निम्मं निम्मं करतो. दोघांनाही मानाचं, दोघांनाही सारखं! मी कोपऱ्यातली सरपणाची कुऱ्हाड उचलली आणि... खाट्!

हो. केलं मी. पोरीच्या सोयरिकीत, पुठ्ठ्याचं हाड, कुऱ्हाडीनं.

अशी शांतता पसरली, अशी शांतता... बाहेर घोडा पादला तो ऐकू आला. मग व्याह्यांची बहीण किंचाळली, "यानं लग्न फोडलं!" आणि अर्धं हाड सुसाट येऊन माझ्या डाव्या गालफडावर! तीन दात, तुम्हाला सांगतो, मटणाखाली पसरलेल्या शेवयांच्या परातीत टपटप पडले, आणि कोणाला दिसलेसुद्धा नाहीत. मी फक्त मटण वाटत होतो!

मग काय विचारता! दादानं मांडीचं हाड उचललं आणि "हा घ्या चढता दर!" म्हणत व्याह्यांच्या टाळक्यात घातलं. व्याह्यांनी चहाची किटली फिरवली, ती लागली माझ्या मेव्हण्याला. मेव्हणा बिचारा दोन्ही बाजूंना "बरोबर, बरोबर" म्हणत होता, त्याला दोन्ही बाजूंनी बडवला. माझ्या वहिनीनं व्याह्यांच्या बहिणीचे केस धरले, तिनं वहिनीच्या दंडाचा चावा घेतला. कढईतला भला मोठा डाव घेऊन कोणीतरी जो दिसेल त्याचं नाक चेपत सुटला. त्यात एकानं तंबूच्या दांड्याला लाथ घातली आणि अख्खा तंबू धाडकन खाली! अंधार! नमद्याखाली सगळे! आणि तिथे तुम्हाला सांगतो, कोण श्रीमंत, कोण गरीब, कोण व्याही, कोण भाऊ, काही कळत नव्हतं. हात जाईल तिथे बुक्की. व्याही ओरडत होते तो एकच दर खरा लागू झाला तो तिथेच. सगळ्यांना सारखा!

बाहेर निघालो तर नवऱ्याची आई बुरुलचाच्या कानाला झोंबतेय! "माझे डूल परत दे!" पोरीनं दोन्ही कानांवर हात दाबलेत, एका कानातून रक्ताची धार, पण सोडत नाही. एर्मेक आईची कंबर धरून मागे ओढतोय, "आई, नको! आई, तिचा कान!" शेवटी दोघं मायलेक चुलाण्यात पडले. व्याह्यांचा अंगरखा रक्तानं आणि रश्शानं भिजलेला, तसेच ट्रकवर चढले. "मोडलं!" म्हणाले. "कुऱ्हाडीनंच मोडलंत!"

त्या रात्री पोरगी सगळ्यांच्या डोक्यांना टाके घालत बसली. माझ्या तोंडात कापूस कोंबताना फक्त म्हणाली, "बाबा, मला त्याच्याशीच लग्न करायचंय." मला बोलता येत नव्हतं.

मग गेलो गावच्या पांढऱ्या दाढीवाल्यांच्या पंचायतीकडे. अकमात आजोबा पंचांचे प्रमुख, ऐकू कमी येतं पण न्याय चोख. व्याह्यांनाही बोलावलं, आले ते डोकं बांधून. आजोबा म्हणाले, "दोन्ही घरांनी मेंढ्या द्या, समेटाचं जेवण घाला, त्याच जेवणात लग्न लावा. संपलं." वा! मी उठून आजोबांचा हात चुंबला. आणि तेवढ्यात कोणा शहाण्यानं विचारलं, "कोणी किती द्यायच्या?"

मी डोळे मिटले, तुम्हाला सांगतो, तिथल्या तिथे मिटले.

कारण व्याह्यांच्या परसात मेंढ्या किती? हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या! ट्रकला काय लोकर येते? आणि दादाचा कळप डोंगर झाकेल एवढा! तर व्याही उठले, छाती पुढे, "मी म्हणतो, ज्याचा कळप मोठा त्यानं जास्त द्यावं! हाच न्याय!"

आणि दादा? चढत्या दराचा दादा? चष्मा पुसत, "कशाबद्दल? घरटी सारख्या मेंढ्या! मी काय बर्फात मेंढ्यांमागे फिरतो ते तुम्हाला जास्त देण्यासाठी?"

"परवा तर वेगळं बोलत होता, मास्तर!"

"परवा पैशांचं चाललं होतं! ही जित्राबं आहेत!"

बुजुर्गांच्या काठ्या हवेत! अहो, ऐंशीच्या पुढचे म्हातारे, एकमेकांच्या गुडघ्यांवर काठ्या हाणतायत! अकमात आजोबांना काही ऐकू आलं नव्हतं, पण त्यांनीही दोघांना लोळवलं. मी मध्ये पडलो, का पडलो, बापाचं काळीज, दुसरं काय, आणि उजवीकडचे दात तिथे गेले. तेव्हा तर मी मटणसुद्धा वाटत नव्हतो!

तेव्हा दारात बुरुलचा. हातात पट्ट्यांची पिशवी, कानाला पट्टी, पट्टीच्या खाली डूल. "बसा!" अशी ओरडली की सगळे पडलेले उठून बसले. "दादाकाका, तुम्ही मेंढ्या रोख विकता. आयकर कधी भरलात? कापारबाबा, तुम्ही टक्के नाही, दुकानाच्या परवान्याची ठरलेली रक्कम भरता. ट्रकवाल्या पोरांचा पगार हातातच देता. इथे बसलेल्यात पगारातून दहा टक्के कोणाचे कापले जातात? माझे! एकटीचे! आणि त्यातून येतात या पट्ट्या, ज्या मी तुमच्या डोक्यांना बांधते! तुम्ही एक मारामारी करणार सारख्या दराची, दुसरी चढत्या दराची, आणि भरणार मी?"

व्याही सोन्याचे दात झाकून खाली बघत होते. मग हळूच म्हणाले, "पोर... जबरी आहे." आणि एर्मेकच्या आईकडे वळून, "डूल राहू दे तिच्या कानात."

लागलं लग्न! आज लागलं! सकाळी मौलवींनी निकाह लावला, मी रडलो, व्याही रडले, दादा तर हुंदके देत होता. आणि जेवणाचं पोरीनं आधीच बजावलं होतं, हाड नाही, मान नाही, सगळ्यांना एकेक वाडगं रस्सा. तसेही दात कोणाला राहिलेत? मी डाव घेतला, सारखं सारखं वाढायला लागलो. तर तिकडून व्याह्यांचा मोठा भाचा म्हणतो, "एवढ्या दांडग्या माणसाला आणि त्या काडीपैलवानाला सारखंच वाडगं?" आणि दादानं, देवा रे, दादानं चष्मा काढला.

मी डाव खाली ठेवला. कोणाला काही न सांगता चालायला लागलो, तो थेट इथे, दवाखान्याच्या बाकावर तुमच्याशेजारी. नाही, मला आज काही लागलेलं नाही. अजून. पण पोरगीही आलीच बघा मागोमाग, लग्नाच्या पोशाखात आत पट्ट्या गुंडाळतेय. एर्मेक आयोडिनची बाटली धरून उभा आहे, सुखाचा संसार! तिनं दारावर नियम लिहिलाय, वाचलात? ज्याला जास्त लागलंय, त्याचा नंबर आधी.

हळू बोला पण... ते बघा, व्याही आणि दादा आलेच, एकमेकांना धरून, लंगडत. त्यांना हा नियम कळू देऊ नका. कळला ना, तर नंबर आधी लागावा म्हणून दोघं परत अंगणात जाऊन आणखी एकेक फटका खाऊन येतील.