तिसरा गोल

(रविवारची दुपार. सात रस्ता चौकातलं चहाचं हॉटेल. बँकेच्या क्लार्कची लेखी परीक्षा नुकतीच सुटली आहे.)

मनकर्णा : खोडलं, सर. बरोबर उत्तर होतं, आन् रबरानं खोडलं.

शिवयोगी सर : शाबास! म्हणजे क्लासमध्ये शिकवलेलं लक्षात राहिलं.

मनकर्णा : शाबास काय? व्याजाचं गणित होतं. दोनदा करून बघितलं, दोन्ही बारीला तिसऱ्या गोलाचंच उत्तर येत होतं. पण त्याच्या वरच्या तिन्ही प्रश्नांना तिसराच गोल काळा केलेला. मग तुमचं आठवलं.

शिवयोगी सर : सलग चौथ्यांदा तिसरा गोल येत नसतो. पेपर काढणाराही माणूसच. त्याला लाज असते.

मनकर्णा : त्याला आसंल. व्याजाला कुटं लाज असती?

शिवयोगी सर : हाच तुझा दोष. तुला गणित येतं, म्हणून तू गणितात अडकतेस. माझ्या क्लासमध्ये गणित येणाऱ्यांची फार आबाळ होते.

मनकर्णा : आन् जितं काहीच येत न्हवतं, तितं समदीकडं तिसराच ठोकला. तुमीच म्हणला होता की, चादरीचा दुकानदार चांगली चादर गठ्ठ्यात वर ठेवत न्हाई, तळाला ठेवत न्हाई...

शिवयोगी सर : तिसरी ठेवतो! दोन उलटून बघेपर्यंत गिऱ्हाईक कंटाळतं. शास्त्र आहे ते.

मनकर्णा : पण चुकलं की मार्क कापणार, असं सुपरवायझरनं वाचून दाखवलं.

शिवयोगी सर : ते घाबरवायला. एवढ्या पोरांचे मार्क कापत बसायचं, तर बँकेला दुसरी कामं नाहीत?

मनकर्णा : कामं हायत म्हणूनच क्लार्क घ्यायलेत की. सर, आईनं एकच परीक्षा दिली हाय मला. विड्या वळून तिची बोटं वाकडी झाली. बँकेत लागलीस तर लागलीस, न्हाईतर हितं कुंभारीतल्या घरात माझ्याशेजारी तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन बस, म्हणाली. आता सूपच.

शिवयोगी सर : धीर सोडू नकोस. पाच परीक्षांच्या अनुभवावरून सांगतो...

मनकर्णा : त्या अनुभवाचंच विचारायचं होतं. पाटीवर लिवलंय, ‘पाच परीक्षांचा प्रदीर्घ अनुभव’. मला वाटलं, शिकवायचा.

शिवयोगी सर : शिकवायचा कसा असेल? क्लास तर दिवाळीत निघाला.

मनकर्णा : मग?

शिवयोगी सर : बसण्याचा. नापास होण्याचा म्हण हवं तर. पास झालेला माणूस परीक्षा एकदाच बघतो, त्याला तिच्यातलं काय कळणार?

मनकर्णा : आन् आज सहावी. माझ्या मागच्या बाकावर.

शिवयोगी सर : ...बघितलंस?

मनकर्णा : बघितलं न्हाई, खोकला ओळखला. फॉर्म आपण एकाच दिवशी, एकाच खिडकीत दिले. नंबर पाठोपाठ येणार, हे माझ्या डोक्यात आलं न्हाई. तुमच्या आलं आसंल.

शिवयोगी सर : मी निरीक्षणाला बसलो होतो.

मनकर्णा : कशाच्या?

शिवयोगी सर : तुझ्या डाव्या खांद्यावरून दिसेल तेवढ्याच्या. पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही गं. तिकडं अक्कलकोटला वडील दुकानात येईल त्याला सांगतात, आमचा शिवयोगी बँकेत असतो. बँकेच्या वरच्या मजल्यावर क्लास आहे, एवढंच खरं.

मनकर्णा : ते व्याजाचं बी दिसलं?

शिवयोगी सर : तू तिसरा काळा केलास, मीही केला. मग तू रबर काढलंस. अय्यो, म्हटलं, आता काय करते ही!

मनकर्णा : मग तुमी बी खोडलं?

शिवयोगी सर : मी कशाला खोडू?

मनकर्णा : सलग चौथा की सर! नियम तुमचाच.

शिवयोगी सर : नियम क्लासपुरता. तू एवढी आकडेमोड करून लिहिलेलं, ते चूक कसं असेल?

मनकर्णा : एवढं मला तितं कुणीतरी सांगायला पायजे होतं.

शिवयोगी सर : परीक्षेत बोलता येत नाही.

मनकर्णा : आन् जितं मी नुसताच तिसरा ठोकत सुटले, तितं?

शिवयोगी सर : ते कोरे सोडले.

मनकर्णा : का?

शिवयोगी सर : मार्क कापतात ना.

मनकर्णा : व्हय. म्हंजी माझ्या उत्तरांवर तुमी बँकेत, आन् तुमच्या नियमांवर मी सुपापाशी.

शिवयोगी सर : असं तोडून बोलू नकोस. मी लागलो तर क्लास तुझाच. पाटी, फळा, बाकडी, सगळं तुझं. आईला सांग, मास्तरीण झाले. नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी काय शिकवशील?

मनकर्णा : येतंय ते लिवा, आन् लिवलेलं खोडू नका.

शिवयोगी सर : एका वाक्यात संपलं की! मग फी कशाची घेशील?

मनकर्णा : मागं वळून बघायला शिकवायची.