जन्मजात आहे, एवढंच म्हणा

आई : त्याचाच कंगवा आहे हा, डॉक्टरबाई. मागच्या खेपेला आला तेव्हा विसरून गेला. मी पिशवीत घालून कपाटात ठेवला. दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही, त्याची काळजी नको.

डॉक्टर : आधी बसा तरी. आणि पिशवी त्या टेबलावर नको, तिथे आमचे नमुने असतात. कंगवा कुणाचा म्हणालात?

आई : माझ्या मुलाचा. अहो, ग्रंथालयात तुमचं व्याख्यान झालं ना, मी आले होते. मागे भिंतीला टेकून उभी. एखाद्या पुरुषाला पुरुषच का आवडतो, बाईला बाई का, याचं मूळ जन्मापासून शरीरात असतं का, ते तुम्ही शोधता, असं म्हणालात. मला तर तिथेच बसावंसं वाटलं. आमचा मुलगा तसा आहे.

डॉक्टर : बरं.

आई : तुम्ही नुसतं ‘बरं’ म्हणालात! हे एवढं वाक्य तोंडातून काढायला मला वर्ष लागलं.

डॉक्टर : ऐकणाऱ्यानं ‘बरं’ म्हटलं तर पुढच्या वेळी कमी वेळ लागतो. कंगवा इकडे आणलाय हे माहीत आहे त्याला?

आई : नाही.

डॉक्टर : मग मी ही पिशवी उघडणार नाही. ज्याचे केस, त्याची परवानगी लागते.

आई : आई आहे मी त्याची. हेच केस शाळेत जाईपर्यंत मी विंचरलेत.

डॉक्टर : तरीसुद्धा. तीस वर्षांचा तरी असेल ना आता?

आई : एकतीस. फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे गुडघे वाकवतो दिवसभर आणि घरी आला की स्वतः वाकडा बसतो. जाऊ दे, कंगवा राहू दे. मग माझं दुसरं काम करा. आमचे हे खाली आले आहेत. ते वर आले की त्यांना एवढंच सांगा, हे जन्मजात आहे म्हणून. बाकी काही बोलू नका.

डॉक्टर : खाली का थांबलेत?

आई : तुमच्या लिफ्टला कसलासा आवाज येतो. यांचा जन्म गेला लिफ्ट दुरुस्त करण्यात. आवाज कानावर पडला की पाय खिळतात. रिटायर झालेत, पण कान झाले नाहीत.

डॉक्टर : आणि ‘जन्मजात’ त्यांना माझ्याच तोंडून का ऐकायचंय?

आई : मुलगा आणि तो, म्हणजे त्याचा... तो दुसरा मुलगा, दोघांनी मिळून घर घेतलंय. रविवारी आम्हाला जेवायला बोलावलंय. यांनी अट घातली. म्हणाले, जन्मतःच तसा असेल तर त्याचा काय इलाज, येतो मी. पण डोक्यात घेऊन केलेलं थेर असेल, तर मी त्या घरात पाय ठेवणार नाही. कुणातरी जाणकारानं मला समोर बसून सांगावं. आता जाणकार तुम्हीच. माझ्यासाठी एक शब्द बोला. तुमचं काय जातंय?

डॉक्टर : माझंच जातं. हे बघा, तुम्हाला ‘हो’ म्हणणं मला फार सोपं आहे. शिवाय ते अगदीच खोटंही नाही. त्यात जन्माचा वाटा आहे, असं आमच्या कामातून दिसतंच.

आई : मग झालं की!

डॉक्टर : नाही ना झालं. वाटा आहे, म्हणजे तेवढंच नाही. आणि तुमच्या मुलापुरतं बोलायचं तर मी काहीच सांगू शकत नाही. एकाचं सोडा, शंभर कंगवे आणलेत तरी.

आई : एवढी यंत्रं आहेत इथे, आणि सांगता येत नाही?

डॉक्टर : यंत्रं आहेत म्हणून तर कळलं की सांगता येत नाही.

(दारावर टकटक. बाबा आत येतात, हाताला काळं ग्रीस.)

बाबा : येऊ का? वॉचमनला सांगितलंय, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट दचकते. आज-उद्या बघून घ्या. नमस्कार. झालं का हिचं सांगून?

आई : झालं. डॉक्टरबाई, बोला ना. बोला की.

डॉक्टर : बसा. तुमची अट कळली मला.

बाबा : हं. मग? मी साधा माणूस. बिघाड झाला की त्याला कारण असतं, एवढं मला कळतं. वायर, मोटर, नाहीतर दोरखंड. याचं कारण काय?

डॉक्टर : पहिली गोष्ट, आम्ही बिघाड शोधत नाही. कुणी उंच असतो, कुणी डावखुरा असतो, तसंच हे.

बाबा : शब्द चुकला. कारण काय ते सांगा.

डॉक्टर : एकच असं कारण नाही. माणसाच्या पेशींत अनेक ठिकाणी बारीक बारीक फरक असतात, त्यातल्या पुष्कळांचा थोडाथोडा हातभार लागतो. सगळे एकत्र केले तरी एखाद्याकडे बोट दाखवून, हा असा होणार, असं म्हणता येत नाही. माझ्याकडे जुळे भाऊ येतात. एकाला झाका, दुसऱ्याला काढा, इतके सारखे. त्यातला एक तसा असतो आणि दुसरा बायकामुलांचा.

बाबा : मग उरलेलं कुठून येतं?

डॉक्टर : नीटसं माहीत नाही.

आई : अहो, असं काय सांगताय त्यांना!

डॉक्टर : माहीत नाही, तर दुसरं काय सांगू? एक मात्र बोलते. इतक्या वर्षांत इतकी माणसं समोर येऊन बसली, पण मी अमुक दिवशी असं व्हायचं ठरवलं, असं कुणी म्हणालं नाही. तुमचं लग्न झालं तेव्हा बाईच आवडायला हवी, हे तुम्ही कधी ठरवलं होतं?

बाबा : ठरवायचं काय त्यात? ही समोर आली नि माझा चहा सांडला.

आई : सगळा सांडला. माझ्याच साडीवर.

डॉक्टर : बघा. आता मला सांगा, समजा पुढच्या वर्षी कुणी सिद्ध करून दाखवलं की यात जन्माचा काही संबंध नाही. मग? रविवारी जेवून आलेलात, ते परत करणार?

बाबा : जेवलेलं कुठे परत करतात?

डॉक्टर : उलटंही होतं बरं का. परवा एक जोडपं आलं होतं. जन्मजात आहे ना, मग पोटात असतानाच कळेल का, म्हणून विचारत होते. कळलं तर काय करणार, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. म्हणून म्हणते, तुमच्या घराचं दार माझ्या कामाच्या बिजागरीवर लावू नका. ते रोज इकडचं तिकडे होतं.

आई : संपलं. आता बसा घरी. मी एकटीच जाते.

बाबा : थांब. तू यांच्याकडून खोटं वदवून घ्यायला आली होतीस ना?

आई : हो, आले होते. काय करू मग? अट तुम्हीच घातलीत.

बाबा : घातली. मला वाटलं, असलं सांगणारं माणूस काही लवकर सापडायचं नाही तुला. दोन-तीन वर्षं शोधत बसशील. तू पंधरवड्यात आणून उभं केलंस.

आई : म्हणजे? तुम्हाला जन्मजात आहे की नाही, याचं काही नव्हतंच?

बाबा : होतं थोडं. सुरुवातीला. पण तो पोरगा लहानपणापासून कसा आहे, मी पाहिलेलं नाही का? खोटं बोलायला गेला की कान लाल होतात त्याचे. त्या दिवशी सांगत होता तेव्हा कान जिथल्या तिथे होते.

डॉक्टर : मग वेळ कशाला हवा होता तुम्हाला?

बाबा : तिथे जाऊन बोलायचं काय, बाई? लग्न झालेल्या पोराच्या घरी बाप जातो, तेव्हा काय करायचं ते ठाऊक असतं. खिडक्या उघडून बघायच्या, पाणी जोरात येतं का विचारायचं. सुनेला म्हणायचं, काही कमी-जास्त लागलं तर सांग. मी इथे काय म्हणू? कुठे बघू? ते दोघं समोर बसणार नि मी ताटाकडे बघत राहणार. माझ्या वडिलांनी मला असलं काही दाखवलं नाही.

आई : मग हे मला सांगायचं होतं ना. मी इकडे यांच्या पाया पडायचीच बाकी होते.

बाबा : सांगण्यासारखं वाटलं नाही. भीती वाटते म्हणून बाप येत नाही, हे कसं सांगू? अट घातली की जरा बरं दिसतं.

डॉक्टर : यावर माझ्याकडे कुठलाच अभ्यास नाही, बरं का. पण पाणी जोरात येतं का, ते त्याही घरात विचारता येईल.

आई : आणि कमी-जास्त लागलं तर सांगा, हेही म्हणता येईल. दोघांना मिळून.

बाबा : त्या मुलाच्या घरचे येणार आहेत का रविवारी?

आई : नाही. त्यांनी तोडलंय त्याला. फोनसुद्धा उचलत नाहीत.

बाबा : कुणीच नाही त्याच्या बाजूचं?

आई : कुणीच नाही.

बाबा : हं... काय करतो तो?

आई : शाळेत चित्रकला शिकवतो. तुम्हाला दोनदा सांगितलंय मी.

बाबा : ऐकलं नव्हतं तेव्हा. चला, निघू. यांचा वेळ घेतला. डॉक्टरबाई, हात काळे आहेत, म्हणून लांबूनच नमस्कार.

डॉक्टर : या. आणि हा कंगवा घेऊन जा, राहील.

आई : द्या. रविवारी त्याला देते.

बाबा : ऐक ना. त्या मुलाला मी काय म्हणून हाक मारायची?

आई : त्यालाच विचारा.