फुगे सोडणारा फौजी

माझं लग्न फुग्यावरून मोडत होतं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. एकाहत्तरच्या लढाईनंतर सुट्टीवर आलो आणि केनवडला मुलगी पाहायला गेलो. तिच्या बापानं विचारलं, "लढाईत काय केलं?"

"फुगे सोडले."

"जत्रेतले?"

सगळे हसले. मी सांगितलं, "फुगा कुठं वाहतो त्यावरून वरचा वारा कळतो. मग तोफेचा नेम धरतात."

"एवढ्या जड गोळ्याले वारा काय करते? फुगेवाल्याले पोरगी देत नाही मी." तो उठलाच.

चहा घेऊन आलेली मुलगी म्हणाली, "बाबा, धान उपणायच्या आधी तुमी मूठभर भुसा उडवून कायले पाहता?"

बाप परत बसला. मला म्हणाला, "घेऊन जा बाप्पा इले. सरहद्दीवर कामी येईन."