सहावा दिवस कोणाचा

रुमानियातल्या एका डोंगरगावचं इस्पितळ. आपला नंबर येईपर्यंत दोम्निका बाकावर जपाची दोरी ओढत बसली होती. शेजारी एक म्हातारं जोडपं डॉक्टरांच्या बोलावण्याची वाट बघत होतं. बाहेर ओला बर्फ पडत होता.

"सावेता, आज सहा मार्च ना?"

"हो. असू दे."

"मार्चच्या सुरुवातीच्या, म्हातारीच्या नऊ दिवसांतला मी सहावाच निवडला होता. निवडलेला दिवस जसा, तसं वर्ष. बघ खिडकीबाहेर. आता डॉक्टर वेगळं काय सांगणार?"

"डॉक्टर तपासणीचे कागद बघून सांगतात, ढग बघून नाही."

"तुझा तिसरा बरा निघाला. काय लख्ख ऊन पडलं होतं!"

"अहो, तिसरा तुमचा. सहावा माझा."

"काहीतरीच! चुलीपाशी बसून मी स्वतः बोललो, सहावा म्हणून."

"तिसरा म्हणालात. चष्मा कुठे ठेवला ते तरी आठवतं का तुम्हाला कधी?"

"गळ्यातल्या क्रूसावर हात ठेवून सांग."

दोम्निकाच्या बोटांतली दोरी थांबली.

"हा ठेवला. सहावा माझा."

"ईस्टरच्या उपवासात असली शपथ, सावेता?"

"उपवासातच."

"तोआदेर आजोबा, आत या," परिचारिकेने दारातून हाक मारली.

"ऊठ, शाल घे तुझी. मला आता वर्षभर टिकायलाच हवं."

"ते का?"

"असलं वर्ष तुला एकटीला कसं झेपेल?"